एफी रिडॉकने स्वतःविरुद्ध मांडलेला ठराव

राजा मॅकबेथच्या बाजूने आजवर जिवापाड भांडलेली माणसं दोनच. एक त्याचा सावत्र मुलगा लुलाख. त्याला सात महिन्यांत मारून टाकलं. दुसरी पिटलॅखीची एफी रिडॉक. तिला अजून कुणी मारलेलं नाही, पण तसा विचार बऱ्याच जणांच्या मनात येऊन गेलेला आहे.

एफी चौऱ्याहत्तर वर्षांची. उंची बेताची, आवाज मुळीच बेताचा नाही. पिटलॅखीच्या शाळेत तिने पस्तीस वर्षं स्वयंपाक केला. जेवणाची वेळ झाली की ती दारात उभी राहून एकच हाक मारायची, आणि मुलांबरोबर पलीकडच्या कुरणातली मेंढरंसुद्धा माना वर करायची. शाळेच्या जोडीला गावाच्या हॉलच्या किल्ल्या तिच्याकडे आल्या, त्या आजतागायत आहेत. लग्न असो, मयताचा चहा असो, नाहीतर बायकांच्या मंडळाची स्कोनच्या गोडसर पावांची स्पर्धा असो, हॉल उघडणार तो एफीच्या हाताने आणि तिचं समाधान झालं तरच.

राजाची आणि तिची गाठ पडली ती १९७९ साली, सुपाच्या पातेल्यामुळे. गरम पातेल्याखाली ठेवायला काहीतरी हवं होतं. मास्तरांनी खिडकीत विसरलेलं एक जाडजूड इतिहासाचं पुस्तक तिने उचललं. ठेवण्याआधी सहज उघडलं. आणि पातेलं राहिलं शेगडीवरच.

एफी शाळेत असताना तिला मॅकबेथचं ते नाटक शिकवलं होतं, जसं स्कॉटलंडातल्या प्रत्येक पोराला शिकवतात. मॅकबेथ म्हणजे खुनी, पाहुणा आलेल्या म्हाताऱ्या राजाला बिछान्यात भोसकणारा. त्याची बायको म्हणजे त्याहून वाईट. पुस्तकात भलतंच निघालं. डंकन राजा म्हातारा नव्हताच, चांगला तरणाताठा होता. तो बिछान्यात मेला नाही. मॅकबेथच्या मुलखावर फौज घेऊन चालून आला आणि एल्गिनजवळ, भर ऑगस्टात, लढाईत पडला. त्यानंतर मॅकबेथने राज्य केलं ते काही नाटकातल्यासारखं चार दिवस किंचाळत नव्हे. सतरा वर्षं! मधे तो रोमला यात्रेला गेला आणि तिथे गोरगरिबांत शेतात बी फेकावं तसे पैसे उधळून आला. बायकोचा पहिल्या नवऱ्यापासूनचा मुलगा त्याने आपला म्हणून वाढवला. नवराबायकोने मिळून साधूंना जमिनी दिल्या.

“घरी परत गेल्यावर गादी जागेवर असेल की नाही याची ज्याला धास्ती असते,” एफी पुढे चाळीस वर्षं सांगत आली, “तो माणूस देश सोडून रोमला जातो होय? मी दोन दिवस बहिणीकडे जायचं म्हटलं तर हॉलची काळजी लागते मला!”

त्या दिवशी सूप करपलं. सत्तावीस मुलांना तिने ते करपलेलं सूप वाढलं आणि पळी हातात धरून, डोळे विस्फारून सगळ्यांना सांगितलं, “पोरांनो, डंकन बिछान्यात नव्हता!” एका मुलीने विचारलं, मग कुठे होता. बाकीच्यांनी ब्रेड मागितला.

पण एफीला बसलेला धक्का काही ओसरला नाही. शेजारचा सज्जन माणूस भलत्याच गुन्ह्यात कित्येक वर्षं तुरुंगात आहे हे अचानक कळावं, तसं तिला झालं. आणि खोटी साक्ष देणारा कोण? तर पाचशे वर्षांनी जन्मलेला, लंडनमधला एक नाटकवाला! एफी त्याचं नाव कधी घेत नसे. “तो लंडनवाला” म्हणे, तेही अशा सुरात की त्याने परवाच तिच्या अंगणातली कोंबडी पळवली असावी.

आता पिटलॅखीचा आणि राजाचा संबंध काय, तर फारसा नाही. राजा पडला लंफानानला, इथून पाच मैलांवर. त्यामुळे त्याच्या आठवणीची दगडांची रास त्यांच्याकडे, टेकडी त्यांच्याकडे, पाहुण्यांच्या बसगाड्याही त्यांच्याकडे. पिटलॅखीकडे गावापासून जरा दूर एक झरा आहे. शेवटच्या दिवशी राजा इथे पाणी प्यायला, असं गाव म्हणतं. एवढ्या एका घोटावर आमच्या गावाची सगळी इभ्रत उभी आहे. पाहुणे पिटलॅखीला येतात ते रस्ता चुकले तरच. पण चुकले की एफीच्या तावडीत सापडतात आणि डंकन कुठे मेला हे नीट पाठ केल्याशिवाय सुटत नाहीत.

गावात एफीला तोडीस तोड माणूस एकच, सँडी लीपर. वय एकाहत्तर. पूर्वी बस चालवायचा, आता नाटकं बसवतो. दर फेब्रुवारीत त्याची मंडळी हॉलमध्ये एक विनोदी नाटक करतात, लोक पोट धरून हसतात, सँडी मात्र पडद्यामागे उदास असतो. कारण त्याला करायचं असतं ते मॅकबेथचं नाटक. गेली एकतीस वर्षं तो दर सप्टेंबरात हॉलसाठी रीतसर अर्ज देतो, आणि गेली एकतीस वर्षं एफी रीतसर उत्तर देते: ‘नाही. ई. रिडॉक.’ एका वर्षी तिने जरा सविस्तर लिहिलं: ‘डंकन तरुण होता. नाही. ई. रिडॉक.’

“अगं बाई, नाटक आहे ते!” सँडी भर दुकानात, अंड्यांच्या खोक्यापाशी उभा राहून तिला म्हणायचा. “लोकांना ठाऊक असतं की ते खोटं आहे.”

“ठाऊक असतं? मग जा आणि रस्त्यावरच्या कुणालाही विचार, मॅकबेथ कोण. ‘खुनी’ म्हणेल. सतरा वर्षं राज्य केलं म्हणणारा एक दाखव, मी तुला हॉल देते आणि वर झाडूनही देते.”

“खरं सांगायला तू आहेस ना गावात. मग आम्ही थोडं खोटं बोललो तर कुठे बिघडलं?”

“खोटं थोडं नसतं, सँडी लीपर. ते माजतं. रानातल्या काटेरी झुडपासारखं.”

हे भांडण लोकांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की दोघांपैकी एकजण सर्दीने घरी राहिला तर दुकानात चुकल्यासारखं वाटे.

आणि गावाची एक रीत होती. दर पंधरा ऑगस्टला, राजा पडला त्या तारखेला, सगळं गाव झऱ्यावर जमतं. प्रत्येक घरातून ओटकेक, म्हणजे ओटच्या पिठाच्या कडक भाकऱ्या, येतात. आपला ओटकेक मोडायचा आणि त्यातला मोठा तुकडा शेजारच्याला द्यायचा, लहान आपण खायचा. कारण शेवटच्या दिवशी थकलेला राजा इथे थांबला तेव्हा एका गरीब बाईने त्याला आपल्याजवळचा एकुलता एक ओटकेक दिला. राजाने तो मोडला, मोठा तुकडा तिच्या हातात परत ठेवला आणि म्हणाला, “आधी तुझी पोरं.” मग घोड्यावर बसून मरायला गेला. हे ऐकताना खाटीक नॉर्मन मचसारखा धिप्पाड गडीही नाक शिंकरायला तोंड फिरवतो.

यंदाच्या मे महिन्यात एफीच्या दारात एक मोठं पाकीट येऊन पडलं. झऱ्यापाशी माहितीचा फलक लागणार होता. पोलादाचा, वाऱ्यापावसाने शंभर वर्षं न बिघडणारा. मजकूर लिहिला होता एडिनबर्गहून आलेल्या डॉ. रोना मॅकआस्किल या लोककथांच्या अभ्यासक बाईंनी. त्या गेलं वर्षभर गावात घरोघर जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांचं बोलणं रेकॉर्ड करत होत्या. एफीने चष्मा लावला. डंकन लढाईत मेल्याचं होतं. सतरा वर्षं होती. रोम होतं. एफीला इतका आनंद झाला की तिने स्वतःसाठी चहात दोन चमचे साखर घातली. मग ती खालच्या परिच्छेदाकडे वळली.

‘राजा आणि ओटकेकची कथा पिटलॅखीच्या लोकांनी सुमारे साडेनऊशे वर्षं पिढ्यानपिढ्या तोंडी जपली आहे. नाटकाने पुसलेला खरा राजा या कथेत आजही जिवंत आहे.’

एफी खाली बसली. खुर्ची मागे नव्हती, त्यामुळे ती सरळ जमिनीवर बसली.

कारण ती कथा साडेनऊशे वर्षं जुनी नव्हती. अडतीस वर्षं जुनी होती. एफीला तिचा जन्म तारखेनिशी माहीत होता: जून १९८६, शाळेच्या सहलीचा दिवस, दुपारचे साधारण दोन. आईचं नाव, एफी रिडॉक.

झालं होतं असं, की मोठ्या मुलींनी ऐल्सा नावाच्या सात वर्षांच्या पोरीला सांगितलं, हा झरा त्या खुनी राजाचा आहे, याचं पाणी प्यायलं की रात्री चेटकिणी येतात. नाटकातल्याच, दुसऱ्या कुठल्या? पोरगी अशी रडायला लागली की श्वास घेईना. एफीने तिला डंकन कुठे मेला ते सांगून पाहिलं, त्याने ती जास्तच रडली. तेव्हा एफीने एप्रनच्या खिशात हात घातला. त्यात एक ओटकेक होता. बसमध्ये सीटवर काढून ठेवलेल्या एप्रनवर कुणीतरी बसल्यामुळे त्याचे एक मोठा आणि एक लहान असे दोन तुकडे झालेले. आणि एफीच्या तोंडून आपोआप शब्द बाहेर पडले, “अगं वेडे, तो राजा कसा होता ठाऊक आहे का तुला? इथेच, या दगडावर बसला होता तो...”

पोरीने मोठा तुकडा खाल्ला, पाणी प्यायली, आणि घरी जाऊन आईला सांगितलं. आईने बायकांच्या मंडळात सांगितलं. पुढच्या ऑगस्टात चार बायका ओटकेक घेऊन झऱ्यावर गेल्या. एफीला वाटलं, असू दे, बिचाऱ्या राजाबद्दल कुणी चांगलं तर बोलतंय. पाच वर्षांनी सगळं गाव जायला लागलं. दहा वर्षांनी लोक म्हणायला लागले, ‘आमच्याकडे पूर्वीपासून आहे.’ एफी दर वर्षी जायची, ओटकेक मोडायची आणि गप्प राहायची. तिने कधी ‘हे खरं आहे’ म्हटलं नाही. पण ‘हे खोटं आहे’ असंही म्हटलं नाही. आणि आता ते पोलादावर कोरलं जाणार होतं, तेही खऱ्या इतिहासाच्या खाली, तिनेच चाळीस वर्षं मांडलेल्या सतरा वर्षांच्या आणि रोमच्या पंक्तीला!

तिने उठून एडिनबर्गला फोन लावला.

“डॉक्टर, तो शेवटचा परिच्छेद काढा. ती गोष्ट मी रचली आहे.”

पलीकडून हर्षभरित आवाज आला. “मिसेस रिडॉक, हे किती छान आहे! अस्सल परंपरा जपणारी माणसं नेहमी असंच म्हणतात. कथा इतकी आत मुरते की ती आपलीच वाटायला लागते.”

“आत मुरलेली नाही हो! मी बनवली. एक पोरगी रडत होती म्हणून.”

“म्हणजे मुलांना शांत करण्यासाठीही ती सांगितली जायची? हे मला ठाऊक नव्हतं. जरा थांबा हं, रेकॉर्डर सुरू करते.”

“अहो, माझ्या एप्रनमध्ये मोडका ओटकेक होता!”

“म्हणजे खाद्यपदार्थ जवळ बाळगायचीही प्रथा,” डॉक्टर लिहीत लिहीत म्हणाल्या. मग जरा मायेने, “हे बघा, माझ्याकडे अकरा जणांचे जबाब आहेत. मिसेस कूट्स अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. त्यांना ही गोष्ट १९४३ साली आजीने सांगितली. तुम्ही तेव्हा जन्मलाही नव्हता.”

एफीने फोन ठेवला. चहा तसाच राहिला. ती तडक टीनी कूट्सच्या घरी गेली. टीनी चुलीपाशी बसून मोजे विणत होती. गेली वीस वर्षं ती एकच मोजा विणते असं लोक म्हणतात, पण ते खरं नाही, दोन आहेत.

“टीनी, राजाच्या ओटकेकची गोष्ट तुला कुणी सांगितली?”

“माझ्या आजीने. का गं पोरी?”

“नीट आठव. मंडळात ऐकली असशील. ऐल्साच्या आईकडून.”

“ऐल्साची आई?” टीनी सुया खाली ठेवून म्हणाली. “जिच्या हातचे स्कोन कुत्रं खात नव्हतं, ती मला गोष्टी सांगणार? हे बघ, आजी इथे बसली होती, मी तिथे. युद्धाचे दिवस होते, खिडक्यांना काळे पडदे लावलेले. मी घाबरले होते. आजीने मला मांडीवर घेतलं आणि गोष्ट सांगितली. ‘आधी तुझी पोरं’ म्हणाली आजी. अजून कानात आहे माझ्या.”

म्हातारीचे डोळे भरून आले. ‘आधी तुझी पोरं’ हे शब्द एफीचे स्वतःचे होते. तिला सुचले तेव्हा आपल्यालाच किती बरं वाटलं होतं, तेही तिला आठवत होतं. ती उठून घरी निघाली. वाटेत तिला एक भयंकर शंका आली: आपण खरंच रचली ना? की टीनीकडूनच कधी ऐकली आणि विसरलो? तिने एप्रनच्या खिशातला तो बसून मोडलेला ओटकेक डोळ्यांसमोर आणला. त्याचा चुरा, नखात गेलेला. नाही. रचलीच. साडेनऊशे वर्षांत मॅकबेथबद्दल जेवढी माणसं खोटं बोलली त्यांच्या यादीत लंडनवाला पहिला आणि दुसरी आपण, हे तिला अगदी लख्ख दिसलं.

गावसमितीची सभा त्याच आठवड्यात होती. संध्याकाळचे सात, पण स्कॉटलंडातल्या मे महिन्यातले, म्हणजे बाहेर भर दुपारसारखं ऊन. नऊ सभासद, अध्यक्ष नॉर्मन मच, कोपऱ्यात फुसफुसणारा चहाचा बंब. सभा कायद्याने चालते यावर नॉर्मनचा फार कटाक्ष. मांस कापताना त्याचा हात जसा चालतो तसा तो सभा कापतो: नियम कुठे आहे ते बघायचं आणि सपकन.

रस्त्याच्या खड्ड्यांचा विषय झाला. कुत्र्यांच्या घाणीचा विषय झाला. मग एफी उठली. मोठ्या आवाजाची ही बाई त्या दिवशी इतक्या हळू बोलली की बंब बंद करावा लागला.

“माझा ठराव आहे. झऱ्यावरच्या फलकातून ओटकेकची गोष्ट काढावी. कारण ती खोटी आहे. कारण ती मी रचली आहे, जून १९८६ मध्ये.”

सगळे हसले. प्रेमाने हसले, हे जास्त वाईट. कुणीतरी म्हणालं, “एफी, तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे. खोटं बोलल्याची लाज वाटते आहे, एवढंच.”

“अगं, माझी सासू सांगायची ती गोष्ट,” एक सभासद म्हणाला.

“तुझं लग्नच मुळी नव्वद साली झालं!”

“म्हणून काय झालं? सासू त्याआधीही होतीच की.”

नॉर्मनने टेबलावर पेन आपटलं. “शांतता. ठराव मांडला गेला आहे. सूचक, ई. रिडॉक. अनुमोदन कोणाचं?”

कुणाचंच नाही. टीनी मोजा विणत होती. बाकीचे चहाच्या कपात बघत होते. बंबसुद्धा गप्प.

“अनुमोदन नसेल तर ठराव पडला,” नॉर्मन म्हणाला. “नियम आहे. एकदा...” त्याने खोली न्याहाळली. “दोनदा...”

एफी उभीच होती. चाळीस वर्षं ती या खोलीत खरं ओरडून सांगत आली आणि लोकांनी ऐकून घेतलं. आणि आज पहिल्यांदा स्वतःच्या अंगावर शेकणारं खरं बोलली, तर ते अनुमोदक नाही म्हणून पडत होतं. शंभर वर्षांचं पोलाद. तिच्या गोष्टीचं.

“माझं अनुमोदन आहे,” मागून कुणीतरी म्हणालं.

सगळ्या माना वळल्या. सँडी लीपर उठून उभा होता. नॉर्मनचं पेन हवेतच राहिलं. तीस वर्षांत एफीच्या एकाही सूचनेला सँडीने अनुमोदन दिलं नव्हतं, हॉलबाहेरच्या फुलांच्या कुंड्यांनासुद्धा नाही.

“कारण?” नॉर्मनने विचारलं. नियमात कारण विचारायचं नसतं, पण राहवलं नाही.

“कारण मी तिथे होतो. सहलीची बस मी चालवत होतो. पोरांपासून लपून बसच्या मागे सिगारेट ओढत उभा होतो. पोरगी रडत होती. एफीने खिशातून ओटकेक काढला, त्याच्याकडे दोन सेकंद बघितलं आणि गोष्ट सुरू केली. मधे अडखळली, ‘मग, मग’ करत राहिली. जुनी गोष्ट सांगणारा माणूस तसा अडखळत नाही, तिथल्या तिथे विणणारा अडखळतो. मी रंगमंचावर रोज बघतो ते.” सँडीने घसा खाकरला. “आणि त्या ओटकेकवर जो बसला होता, तो मीच.”

एफीने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो आत्ताच भिंतीतून बाहेर आला आहे.

अडतीस वर्षं! या माणसाला अडतीस वर्षं ठाऊक होतं. एकतीस अर्ज तिने फेटाळले, दुकानात, रस्त्यात, चर्चच्या दारात त्याला खोटारड्यांचा वकील म्हणून हिणवलं, आणि त्याच्या खिशात हे होतं. एकदा, फक्त एकदा, अंड्यांच्या खोक्यापाशी त्याने ‘आणि तुझ्या ओटकेकचं काय?’ म्हटलं असतं, तर एफी तिथल्या तिथे संपली असती. त्याने म्हटलं नव्हतं.

“पण मग माझी आजी?” टीनीचा आवाज आला.

टीनीच्या मांडीवर मोजा पडला होता. ती एफीकडे नाही, समोरच्या भिंतीकडे बघत होती.

“आजीने मला गोष्ट सांगितली होती. मांडीवर घेऊन. ते खोटं नाही.”

“नाही टीनी, ते खोटं नाही,” एफी म्हणाली.

“काळे पडदे होते. मी घाबरले होते. तिने सांगितलं...” म्हातारी थांबली. ओठ हलले. “राजा नव्हता का त्यात? मग काय होतं? पोरी, आजीने काय सांगितलं होतं मला? आठवायला जाते तर तुझा ओटकेकच येतो.”

खोटं बोलल्याची लाज एफीला वाटली होती. पण आपण कुणाचं काही पुसलं असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. एका म्हातारीच्या आजीची गोष्ट, जगात त्या एकाच माणसाच्या डोक्यात उरलेली, आणि तिच्यावर एफी स्वतःची गोष्ट घेऊन बसली होती, अगदी ऐसपैस.

“मतदान,” नॉर्मन हळूच म्हणाला.

एफी. सँडी. मग बराच वेळ कुणी नाही. मग टीनीने हात वर केला, सुईसकट. ते पाहिल्यावर बाकीचे हात एकेक करून वर गेले. सासूवाल्याचा सगळ्यात शेवटी आणि अर्धाच. ठराव मंजूर. नॉर्मनने लिहून घेतलं आणि विचारलं, “मग फलकावर खाली काय लिहायचं? मोठी जागा मोकळी राहते.”

“‘इथे पाणी आहे’ असं लिहा,” सँडी म्हणाला. “तेवढं नक्की खरं आहे.”

सभा संपल्यावर एफी खुर्च्या रचत होती. सँडी न सांगता मदतीला आला. दोघांनी चार खुर्च्या रचल्या.

“का नाही बोललास?” एफीने विचारलं. “इतकी वर्षं?”

“पोरगी परतीच्या बसमध्ये झोपली होती,” सँडी म्हणाला. “हातात उरलेला तुकडा धरून. मी आरशात बघत होतो. ते मोडायला जीव झाला नाही. नंतर गावाने उचललं ते. मग तर कोण बोलणार?”

“आणि माझ्या शिव्या खाल्ल्यास.”

“तुझ्या शिव्या तशाही खाव्या लागल्याच असत्या.”

एफीने पाचवी खुर्ची उचलली, परत खाली ठेवली. “हॉल मिळणार नाही हं तुला. आता तर मुळीच नाही. आज बघितलंस ना काय होतं ते.”

“मागितला कुठे?” सँडी म्हणाला. “बघितलं मी पण.”

दुसऱ्या दिवशी दहा वाजता एफी वही आणि पेन्सिल घेऊन टीनीकडे गेली. मागोमाग सँडी आला, हातात शॉर्टब्रेडच्या बिस्किटांचा डबा. टीनीने दोघांना एकत्र दारात पाहून विचारलं, “कोण मेलं?”

“कुणी नाही. तुझ्या आजीची गोष्ट शोधायला आलोय.”

खिडकीला जुनं काळं घोंगडं लावलं. सँडीचीच कल्पना ती, नाटकवाला शेवटी. टीनीला चुलीपाशी बसवलं. म्हातारीने डोळे मिटले. सँडीने तोंड उघडलं, तेव्हा एफीने त्याच्या पायावर पाय दिला. स्वतः तिने ओठ इतके घट्ट मिटले होते की ते पांढरे पडले होते. शंभर शब्द तिच्या जिभेवर येऊन उभे होते: राजा? राणी? घोडा? बर्फ? एकही तिने बाहेर येऊ दिला नाही. घड्याळात साडेदहा झाले. अकरा झाले. चहा झाला. शॉर्टब्रेड संपत आला.

“बदक,” टीनी एकदम म्हणाली.

एफीने पेन्सिल वहीला टेकवली. “बदक?”

“बदक होतं त्यात.” टीनीने डोळे उघडले, ती स्वतःच चकित झाली होती. “पांढरं बदक. आणि त्याचं काहीतरी हरवलं होतं.”

“काय हरवलं होतं?” सँडी पुढे झुकला.

“गप्प रे!” एफी ओरडली, अशी की बाहेर कुरणात मेंढरांनी माना वर केल्या असतील. मग आवाज खाली आणून, जमेल तेवढ्या हळू, ती म्हणाली, “सावकाश, टीनी. घाई नाही. मी काही विचारत नाही.”

तिने वहीत लिहिलं: ‘पांढरं बदक. काहीतरी हरवलं.’ खाली तारीख टाकली. ‘सांगणार: टीनी कूट्स, तिच्या आजीकडून’ असं लिहिलं. पुढचं पान कोरं ठेवून ती पेन्सिल धरून बसून राहिली.